प्रकाशाची टिचकी, सोन्याचा कण आणि मज्जातंतू

मिरजेतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सकाळी अर्धा तास बसले, तर दोन शब्द हमखास कानांवर पडतात: ‘करंट’ आणि ‘लाईट’. ‘आज करंट दिला का?’, ‘मला नुसती लाईटच दिली’, असे बोलणे बाकावर चाललेले असते. करंट म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून दिले जाणारे विजेचे बारीक झटके आणि लाईट म्हणजे अवरक्त किरणांचा तांबडा दिवा, ज्याचा शेक खांद्याला किंवा गुडघ्याला देतात. आखडलेल्या खांद्यासाठी मी तिथे तीन आठवडे जात होतो. शेजारच्या खाटेवर बेडगच्या एक आजी असत. हाताला करंट लावला की त्यांचे बोट आपोआप उडे आणि त्याचे त्यांना रोज नव्याने नवल वाटे. एके दिवशी त्यांनी विचारले, “करंट लावला की बोट उडतंय आणि लाईट लावली की नुसतं गरम हुतंय. असं का वो सर?”

महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेला, तरी मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. कारण खरे उत्तर असे आहे की प्रकाशानेही बोट उडवता येते. त्यासाठी प्रकाश द्यायचा कसा आणि शरीरात तो झेलायचा कोणी, या दोन गोष्टी मात्र बदलाव्या लागतात. गेल्या वीस वर्षांत जगातल्या अनेक प्रयोगशाळा याच दोन गोष्टींच्या मागे लागल्या आहेत, आणि त्यांच्या हाती लागलेला सर्वांत चमत्कारिक मदतनीस म्हणजे सोन्याचा कण होय.

आपल्याकडे ‘शीर दबली’ किंवा ‘नस आखडली’ असे म्हणताना रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांच्यात कोणी फरक करत नाही. इथे विषय मज्जातंतूंचा आहे. त्यांचे काम विजेवर चालते, ही गोष्ट इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर प्रयोग करून दाखवली आणि १७९१ मध्ये प्रसिद्ध केली. पण ही वीज तारेतल्या विजेसारखी वाहत नाही. चेतापेशीभोवती, म्हणजे मज्जातंतू ज्या पेशीचा धागा असतो तिच्याभोवती, चरबीसदृश पदार्थाचे सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे पटल असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या पटलाच्या आतल्या बाजूचा विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने कमी असतो. ७० मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, कारण भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा दीड व्होल्टचा असतो. परंतु तो दाब केवळ ५ नॅनोमीटर अंतरात सामावलेला असल्यामुळे पटलावरचा ताण मीटरमागे सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट इतका भरतो. पेशी अशी कायम ताणलेल्या अवस्थेत बसलेली असते.

पटलात सोडियमची दारे असतात, म्हणजे प्रथिनांच्या अशा नळ्या, ज्या पटलावरचा दाब थोडा ढळला की उघडतात. दाब उणे ७० वरून उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला, की काही दारे उघडतात, बाहेरचे सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात, त्यामुळे दाब आणखी ढळतो, त्यामुळे आणखी दारे उघडतात, आणि एका मिलिसेकंदाच्या आत पेशीतून एक पूर्ण ठोका निघतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकूल या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर मोजमापे करून हा सगळा हिशेब १९५२ मध्ये मांडला आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कामाचा मुद्दा त्यात एवढाच आहे की पहिला ढकला कोणी दिला, याची चौकशी पेशी करत नाही. उंबरठा ओलांडला की ठोका निघतो, मग तो ढकला विजेने दिलेला असो, दाबाने असो, रसायनाने असो, नाहीतर उष्णतेने.

मग विजेनेच ढकलत राहायला काय हरकत आहे? हरकत अशी की वीज एका जागी थांबत नाही. शरीर म्हणजे खारट पाणी. त्यात एका बिंदूवर सोडलेला प्रवाह चहूकडे पसरतो आणि हव्या त्या तंतूबरोबर शेजारच्या शंभर तंतूंनाही जागे करतो. मिरजेत राहणाऱ्या माणसाला सतारीशिवाय दुसरा दाखला सुचत नाही, तेव्हा तोच देतो. इलेक्ट्रोडने मज्जातंतू चेतवणे म्हणजे सतारीच्या सगळ्या तारांवर एकदम तळहात मारण्यासारखे आहे. आवाज निघतो, सूर निघत नाही. कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटमध्ये ही अडचण प्रत्यक्ष दिसते. माणसाच्या श्रवणतंतूत सुमारे तीस हजार धागे असतात आणि इम्प्लांटमध्ये जेमतेम वीस-बावीस इलेक्ट्रोड असतात. त्यांचेही प्रवाह एकमेकांत मिसळतात. त्यामुळे जन्मतः बहिऱ्या मुलाला त्यावर बोलणे शिकता येते, ही फार मोठी गोष्ट आहे, पण संगीतातले सूर ओळखणे त्याला अवघड जाते. ज्या गावात दर वर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्रभर गाणे होते, त्या गावातल्या माणसाला ही उणीव जरा जास्तच बोचते.

प्रकाशाचे तसे नसते. भिंगाने तो हव्या त्या टिंबावर आणता येतो, तिथून शेजारी हलवता येतो, आणि अंगाला तारही लावावी लागत नाही. अडचण एकच, की डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशी सोडल्या तर मज्जातंतूंना प्रकाश कळत नाही.

पहिला मार्ग निघाला तो अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये उंदराच्या मांडीतली मोठी शीर, म्हणजे मज्जातंतूच, उघडी करून तिच्यावर अवरक्त लेसरचे अतिशय छोटे स्पंद सोडले. प्रत्येक स्पंदाबरोबर पायाचे स्नायू उडाले, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी टिंब सरकवले तसतसे वेगवेगळे स्नायू. या किरणांची तरंगलांबी अशी निवडली होती की ऊतींमधले पाणी ते शोषून घेते. म्हणजे इथेही शेवटी काम केले ते उष्णतेनेच. मग आजींच्या खांद्यावरच्या तांबड्या दिव्याने तेच का होत नाही?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. शिकागोतल्या फ्रान्सिस्को बेझानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचा उलगडा केला. पंखा हळू फिरू लागला की आपण कंडेन्सर बदलून आणतो. त्या डबीत काय असते, तर मध्ये पातळ विद्युतरोधक थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साठलेला विद्युतभार. चेतापेशीचे पटलही हुबेहूब असेच आहे: मध्ये चरबीचा थर आणि दोन्ही बाजूंना भारित कणांची गर्दी. कंडेन्सरची साठवण्याची क्षमता तापमानाबरोबर बदलते. पटल तापले की त्याची क्षमता किंचित वाढते, जास्त भार सामावून घेण्यासाठी तिथे प्रवाह वाहतो आणि त्या प्रवाहाने पटलावरचा दाब उंबरठ्याच्या दिशेने सरकतो. पण हा प्रवाह क्षमता बदलत असते तेवढ्या वेळापुरताच वाहतो. तापमान किती वाढले यापेक्षा ते किती वेगाने वाढले, यावर त्याचा जोर अवलंबून असतो.

आता आकडे घेऊन पाहा. दिव्याच्या शेकाने दहा मिनिटांत तापमान ५ अंशांनी वाढले, असे धरू. लेसरच्या स्पंदाने तेवढेच ५ अंश एका मिलिसेकंदात वाढले, असे धरू. दहा मिनिटे म्हणजे सहा लाख मिलिसेकंद. म्हणून दोन्हीकडे उष्णता सारखीच असली, तरी दुसऱ्या ठिकाणचा ढकला सहा लाख पट जोरकस असतो. दिव्याने जो प्रवाह निर्माण होतो, तो इतका क्षीण असतो की पेशीची रोजची देवघेव त्याला सहज गिळून टाकते. शेक आणि टिचकी यांच्यातला फरक तो हाच. टिचकीत बोटाची ताकद थोडीच असते, पण ती एकदम सुटते.

अवरक्त लेसरची ही पद्धत माणसावरही तपासली गेली आहे. पायांतला ताठरपणा कमी करण्यासाठी मेरुरज्जूजवळची मज्जातंतूंची काही मुळे कापण्याची एक शस्त्रक्रिया असते. नाहीतरी कापायच्याच असलेल्या अशा मुळांवर हे स्पंद देऊन स्नायूंचा प्रतिसाद मिळतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र पाणी सगळीकडेच असल्यामुळे तापते तेही सगळेच, किरण मिलिमीटरभरही नीट खोल जात नाहीत, आणि शीर चेतवायला लागणारी ऊर्जा व शीर भाजणारी ऊर्जा यांच्यात फार मोकळी जागा उरत नाही. सगळे पाणी तापवण्याऐवजी फक्त पटलाला खेटून असलेली एखादी वस्तू तापवता आली तर? इथे सोने येते.

सोन्याबद्दल बोलायचे तर आमच्या जिल्ह्यात माणसांची वाण नाही. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतले गलाई कारागीर, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेले आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ पेठेत कुठेतरी मराठी बोलणारा गलाईवाला भेटतोच. विट्याचे माझे एक परिचित, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, चाळीस वर्षे दक्षिणेत मूस पेटवून आता गावी परतले आहेत. त्यांना मी विचारले, “अण्णा, सोनं कधी लाल पाहिलंय का?” ते हसले आणि म्हणाले, “लाल नाही, पण जांभळं बघितलंय.” मग त्यांनी सांगितले की तेजाबात विरघळलेल्या सोन्याचे पिवळे पाणी हाताला लागले, तर त्या वेळी काही दिसत नाही, पण काही वेळाने तिथे जांभळा डाग उठतो, तो साबणाने जात नाही, कातडी निघेल तेव्हाच जातो. “सोनंच असतंय ते,” असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते शब्दशः खरे आहे. विरघळलेले सोने त्वचेतल्या द्रव्यांमुळे पुन्हा घट्ट होते, पण इतक्या बारीक कणांच्या रूपाने की त्याचा पिवळा रंग हरपतो. अण्णांनी आयुष्यभर बोटांवर वागवलेला तो डाग म्हणजे सोन्याचे नॅनोकण होते.

प्रयोगशाळेत हेच नीट मापून करतात. सोन्याच्या क्षाराचे पातळ द्रावण उकळत ठेवून त्यात सोडियम सायट्रेट टाकले, की काही मिनिटांत ते माणकासारखे लाल होते. मायकेल फॅरडे यांनी अशा लाल द्रावणांवर लंडनमध्ये १८५७ साली व्याख्यान दिले होते आणि तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे, हे ओळखले होते. कण साधारण २० नॅनोमीटरचे असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे तीन-चार हजार कण ओळीने बसतील.

रंग का बदलतो, हे कळले की पुढचे सगळे सोपे होते, आणि त्यासाठी पुन्हा सतारीकडेच जावे लागते. सतारीच्या पडद्यांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. पण वरच्या तारेवर गंधार वाजला, की खालची गंधाराला लावलेली तरफ आपोआप झंकारते, आणि पंचमाची गप्प राहते. सोन्याच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन असेच एका ठरावीक सुराला लावलेले असतात. २० नॅनोमीटरच्या गोल कणाचा सूर सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाशी, म्हणजे हिरव्या रंगाशी जुळतो. हिरवा प्रकाश आला की कणातले सगळे इलेक्ट्रॉन एका तालात झुलू लागतात आणि तो प्रकाश गिळतात. हिरवा गेला की डोळ्यांपर्यंत लाल पोचतो, म्हणून द्रावण लाल दिसते. गिळलेल्या प्रकाशाची पाहता पाहता उष्णता होते; ती कणातून भोवतालच्या पाण्यात उतरते आणि प्रकाश बंद होताच एवढासा कण सेकंदाच्या अब्जांश भागांतच गार पडतो. प्रकाश लागला की तापणारा आणि विझला की निवणारा, पेशीपेक्षा शेकडो पटींनी लहान असा निखारा यातून आपल्या हाती येतो.

हा निखारा पटलाला चिकटून राहिला पाहिजे, हे सांगायला सोपे आणि करायला अवघड होते. पेशींवर सोन्याचे कण नुसते सोडले तर प्रकाशाला प्रतिसाद मिळे, पण द्रवाचा प्रवाह सोडून पेशी धुतल्या की कण निघून जात आणि प्रतिसादही जाई. शरीरात द्रव सतत वाहतच असतो. तेव्हा बेझानिया यांच्याच गटाने इलिनॉयमधल्या सहकाऱ्यांबरोबर कण पटलाला अडकून राहावेत म्हणून त्यांना आकडा (हूक) लावायचे ठरवले, आणि त्यासाठी निवडले विंचवाचे विष.

हे ऐकून जत-आटपाडीच्या माळावर दगड उचलताना विंचू चावलेल्या माणसाला हसू येणार नाही. पण निवड अचूक होती. विंचवाच्या विषातली काही प्रथिने नेमकी सोडियमच्या दारांना जाऊन चिकटतात आणि दारांच्या उघडझापीत ढवळाढवळ करतात. मज्जातंतू एकसारखे चेतत राहतात, म्हणून तर वेदना असह्य होतात आणि पुढे हृदयावर ताण येतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाच्या रुग्णांचे प्राण वाचवले, ते या उधळलेल्या चेतासंस्थेच्या परिणामांना आवर घालूनच. शिकागोच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या एका विंचवाच्या विषातला सोडियमच्या दाराला चिकटणारा रेणू घेतला आणि तो २० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणावर बसवला. असे कण चेतापेशींवर घट्ट बसले आणि धुऊनही निघाले नाहीत. त्यांच्यावर ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचे मिलिसेकंदाचे स्पंद सोडले, तर पेशी स्पंदागणिक ठोके देऊ लागल्या. हे काम २०१५ मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विंचवाच्या रेणूऐवजी विशिष्ट प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वापरूनही कण बसवता येतात, हेही त्यांनी दाखवले, आणि पुढच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. कारण वेगवेगळ्या पेशींवर वेगवेगळी दारे असतात, आणि ज्या दाराला आकडा जुळेल त्याच पेशीवर कण बसेल. म्हणजे प्रकाश थोडा इकडेतिकडे पसरला, तरी ठोका फक्त कण असलेल्या पेशीतून निघेल. तळहात मारण्याऐवजी एकच तार छेडणे म्हणतात ते हे.

त्या प्रतिपिंडांपैकी एक ज्या दारावर बसते, ते दार आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते, ते याच दारामुळे. ते एरवी ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने उघडते, आणि मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थही तेच उघडतो, म्हणून मेंदूला दोन्हींत फरक कळत नाही. हे दार १९९७ मध्ये शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी होते.

आता अडचणींकडे. वीज गेली असेल तेव्हा मोबाईलची बॅटरी लावा आणि तिच्यावर बोटाचे टोक ठेवा. पांढरा प्रकाश आत जातो आणि बाहेर येतो तो लालभडक. निळा आणि हिरवा रक्ताने वाटेतच गिळलेला असतो. म्हणजे गोल कणांना जो हिरवा प्रकाश लागतो, नेमका तोच शरीरात खोल जाऊ शकत नाही. लालच्या थोडे पलीकडचे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचे अवरक्त किरण त्यामानाने बरेच आत जातात, कारण त्यांना रक्तही फारसे अडवत नाही आणि पाणीही नाही. तेव्हा कणाचाच सूर बदलायला हवा. तार लांब केली की स्वर उतरतो. सोन्याचेही तसेच आहे. गोल कणाऐवजी लांबट कांडी बनवली, तर तिचा सूर हिरव्यावरून लालकडे आणि तिथून अवरक्ताकडे सरकतो, आणि लांबी-जाडीचे प्रमाण बदलून तो हवा तिथे लावता येतो. अशा कांड्या उंदराच्या पायाच्या शिरेजवळ सोडल्यावर अवरक्त लेसरच्या कमी ऊर्जेतही शीर चेतते, असे कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. त्याच वर्षी, त्याच देशातल्या दुसऱ्या एका गटाने उलट गोष्ट दाखवली: चेतापेशींवर सोन्याच्या कांड्या बसवून स्पंदाऐवजी सलग सौम्य प्रकाश दिला, तर पेशी चेतण्याऐवजी गप्प होतात, आणि प्रकाश थांबवला की पुन्हा कामाला लागतात. म्हणजे शेकालाही या विद्येत जागा आहे, आणि अपस्मारासारख्या विकारात, जिथे पेशी नको तेव्हा ठोके देत सुटतात, तिथे तीच हवी आहे.

सोन्याखेरीज दुसरा एक मार्ग आहे, त्याची प्रसिद्धी जास्त झाली असल्यामुळे इथे थोडक्यात सांगतो. गोड्या पाण्यातल्या आणि ओल्या मातीतल्या एका एकपेशीय शैवालात प्रकाश पडताच उघडणारे एक दार असते. त्याचे जनुक चेतापेशीत घातले की ती पेशी निळ्या प्रकाशाला ठोका देते. बॉयडन, डायसेरोथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००५ मध्ये करून दाखवले. २०२१ मध्ये याच जातीच्या उपचाराने, दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने अंध झालेल्या ५८ वर्षांच्या एका माणसाला खास चष्मा लावून टेबलावरची वही चाचपडत का होईना शोधता आली. पण यात विषाणूच्या पाठीवरून परके जनुक पेशीत घालावे लागते आणि ते मागे घेता येत नाही. शिवाय निळा प्रकाश मेंदूत खोल नेण्यासाठी काचतंतू (ऑप्टिकल फायबर) खुपसावा लागतो. यावरही कणांचाच तोडगा निघाला: ९८० नॅनोमीटरचे अवरक्त किरण शोषून त्या जागी निळा प्रकाश सोडणारे दुर्मिळ मूलद्रव्यांचे नॅनोकण उंदरांच्या मेंदूत ठेवून, कवटीच्या बाहेरून प्रकाश देऊन आतल्या पेशी चेतवल्याचे जपान आणि सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. सोन्याच्या कणांचा मोठेपणा माझ्या मते असा की त्यांना जनुकात हात घालावा लागत नाही.

या सगळ्याचा पहिला उपयोग कुठे होईल, असे मला कोणी विचारले तर मी डोळ्याकडे बोट दाखवीन. डोळा पारदर्शक असतो, प्रकाश आत नेण्याचे काम तिथे निसर्गानेच करून ठेवले आहे. काही विकारांत दृष्टिपटलावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांच्यामागच्या, संदेश पुढे नेणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी जिवंत राहतात. टपाल गोळा करणारा गेला, पण पोस्ट ऑफिस चालू आहे, अशी ती स्थिती असते. इटलीतल्या संशोधकांनी प्रकाश पडला की विद्युत परिणाम घडवणारे प्लॅस्टिकच्या जातीचे नॅनोकण अंध उंदरांच्या दृष्टिपटलाखाली टोचून त्यांना प्रकाशाची जाण परत मिळाल्याचे २०२० मध्ये दाखवले. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या गटाने २०२५ मध्ये उंदरांच्या डोळ्यांत सोन्याच्या कांड्या टोचून, अवरक्त लेसरने आकृती पाडून, त्याच मागच्या पेशी चेतवल्या. त्यांची कल्पना अशी आहे की माणूस कॅमेरा लावलेला चष्मा घालेल आणि चष्म्यातला लेसर समोरचे दृश्य त्या कांड्यांवर रेखाटेल. काचबिंदूच्या रुग्णांनी मात्र यात आशा गुंतवू नये, कारण काचबिंदूत पोस्ट ऑफिसातून मेंदूकडे जाणारा रस्ताच, म्हणजे दृष्टितंतू, नष्ट होत जातो.

आणि सोने शरीरात गेल्यावर पुढे काय? सोने गंजत नाही, विरघळत नाही, हा त्याचा गुण इथे दोषही ठरतो. रक्तात गेलेले नॅनोकण बहुतांशी यकृत आणि प्लीहा गाळून घेतात आणि तिथे ते दीर्घकाळ पडून राहतात. सोन्याच्या कांड्या बनवताना साबणासारखे एक रसायन वापरले जाते, ते पेशींना विषारी असते. म्हणून कांड्या धुऊन त्यांच्यावर दुसरे निरुपद्रवी आवरण चढवावे लागते. तापणारे सोने माणसाच्या शरीरात यापूर्वी वापरले गेले आहे, पण ते जाळण्यासाठी: पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगाच्या सोळा रुग्णांवर सोन्याचे कवच असलेले नॅनोकण व अवरक्त लेसर वापरून गाठ जाळण्याचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मिनिटे मोजतात आणि पेशी मरावी म्हणून तापवतात. इथे मिलिसेकंद मोजतात आणि पेशी जगावी म्हणून जपून तापवतात. धातू तोच, प्रकाशही त्याच घराण्यातला. सोन्याच्या कणांनी मज्जातंतू चेतवण्याचे काम आज पेशी आणि प्राणी यांच्यापुरतेच आहे.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की मधल्या काळात सांगलीतल्या एका प्रदर्शनात मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना ‘नॅनो’ शब्द लिहिलेले लाल दिव्यांचे मोजे विकताना मी एका माणसाला पाहिले. त्याला मी विचारले की यात नॅनो काय आहे, तर तो म्हणाला, दिवे बारीक आहेत. सुवर्णभस्माबद्दलही हाच गोंधळ होतो. भस्मातही अतिसूक्ष्म सोने असते, पण ते पोटात घ्यायचे असते. वर सांगितलेल्या कणांप्रमाणे त्याला आकडा नसतो, ठरवलेला आकार नसतो आणि त्यावर कोणी लेसरही सोडत नाही.

आजींना मी यातले जमेल तेवढे सांगितले. विंचवाचा भाग त्यांना पटकन पटला, सतारीचा त्याहून लवकर. मग त्यांनी मनगटावरची पट्टी सावरत मला विचारले की एवढे सोने अंगात घालायचे, तर तोळे किती लागतील. घरी येऊन मी हिशेब केला. २० नॅनोमीटरच्या एका कणाचे वजन काढले, आणि एका गुंजेत, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णवाव्या भागात, असे कण किती बसतात ते पाहिले. उत्तर आले सुमारे दीड हजार लाख कोटी. माणसाच्या मेंदूत साधारण आठ हजार सहाशे कोटी चेतापेशी असतात. एक गुंज सोने सगळ्यांना वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला सतरा हजार कण येतात, आणि उपचारात तर मेंदूतल्या मूठभर पेशींनाच कण द्यायचे असतात. दुसऱ्या दिवशी आजींना सांगितले, “एक गुंजही लागायची नाही.”

त्यांनी गळ्यातल्या बोरमाळेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मग ही मोडाय नको म्हणायची.”